कौटुंबिक दाव्यासाठी वकील कसा शोधावा: खान्देशातल्या पक्षकारांसाठी पायरीपायरीने

घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, घरगुती हिंसाचार, यापैकी कशाचाही कागद घरात आला की आपल्याकडे पहिली धाव मामांकडे, गावातल्या जाणत्यांकडे, नाहीतर लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाकडे असते. दोन-तीन बैठका होतात आणि तेवढ्यात कोर्टाची तारीख निघून जाते. मग घाईघाईने कुणाच्या तरी ओळखीचा वकील गाठायचा, न वाचता वकीलपत्रावर सही करायची, पैसे रोख द्यायचे आणि पावती मागायची नाही. आपल्याला वकील फुकट मिळू शकत होता हे सहा महिन्यांनी कळतं.

हे नुकसान बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे होतं. आधी तारीख, मग कोर्ट, मग कागद, मग मोफत विधी सेवेचा अर्ज आणि त्यानंतर खासगी वकिलाचा विचार, या क्रमाने चला. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत हाच क्रम लागू पडतो.

## १. हातातला कागद आधी नीट वाचा

वकिलाची नोटीस आणि कोर्टाचं समन्स यात फरक आहे. वकिलाची नोटीस वकिलाच्या छापील लेटरहेडवर असते. "पंधरा दिवसांत नांदायला या, नाहीतर दावा करू" अशा धाटणीची नोटीस आली म्हणजे दावा दाखल झालाच असं नाही. तिला उत्तर द्यावं, पण त्यासाठी रात्रीत पैसे उभे करायची गरज नसते. समन्सवर मात्र कोर्टाचा शिक्का, दाव्याचा क्रमांक आणि हजर राहण्याची तारीख असते. ती तारीख चुकवू नका.

बेलिफ आला तर समन्स घ्या. "घेतलंच नाही तर दावा पुढे जाणार नाही" हा समज खेड्यापाड्यांत अजून पक्का आहे. नाकारलेलं समन्स बजावलं गेलं असं कोर्ट धरू शकतं, आणि तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमही होतो. एकतर्फी हुकूम रद्द करून घेता येतो, पण गैरहजेरीचं सबळ कारण दाखवावं लागतं आणि तोपर्यंत त्या हुकुमाची वसुलीही सुरू होऊ शकते.

समन्ससोबत दाव्याची प्रत आहे का ते पाहा. दिवाणी दाव्यात कैफियत म्हणजे लेखी उत्तर द्यायला ३० दिवस असतात. कोर्ट ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवतं, पण त्या भरवशावर राहू नका. समन्स कोणत्या दिवशी मिळालं ते पाकिटावरच लिहून ठेवा आणि पाकीट जपून ठेवा.

तपासा: कोर्टाचं नाव, दाव्याचा क्रमांक, तारीख, कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या कलमाखाली दावा आहे. या चार गोष्टी वहीत उतरवल्याशिवाय पुढची पायरी चढू नका.

सावध: बैठकीत स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलेली फारकत म्हणजे घटस्फोट नव्हे. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न कोर्टाच्या हुकुमानेच मोडतं. समाजात तशी जुनी रूढी आहे हे पुराव्याने सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी, पण ते सिद्ध करणं अवघड आहे. अशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न करून अडचणीत आलेली कुटुंबं आपल्या भागात कमी नाहीत.

## २. आपलं प्रकरण कोणत्या कोर्टाचं, हे ठरवा

कौटुंबिक न्यायालय प्रत्येक तालुक्यात नसतं. ज्या हद्दीत ते स्थापन झालेलं आहे तिथले घटस्फोट, पोटगी आणि ताब्याचे दावे त्याच्यासमोर चालतात. बाकी ठिकाणी घटस्फोट दिवाणी न्यायालयाच्या वरिष्ठ स्तराकडे आणि पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. आपला तालुका कोणत्या हद्दीत येतो, हे जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात विचारलं की कळतं.

आता मागणी कोणती, ते पाहा. फक्त खर्चाला पैसे हवे असतील तर घटस्फोटाचा दावा करायची गरज नाही. पोटगीचा अर्ज पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. मारहाण, घराबाहेर काढणं, स्त्रीधन अडकवून ठेवणं यासाठी २००५ चा घरगुती हिंसाचार कायदा आहे. त्यात संरक्षण अधिकारी तुमच्या बाजूने अहवाल तयार करून कोर्टात देतात आणि त्यासाठी पैसे घेत नाहीत. दोघेही राजी असतील तर संमतीने घटस्फोट होतो. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज केल्यावर सहा महिने थांबावं लागतं. योग्य प्रकरणात कोर्ट ही सहा महिन्यांची अट शिथिल करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे.

सुरतचं प्रकरण असेल तर. खान्देशातली कितीतरी कुटुंबं उधना-लिंबायतला स्थायिक आहेत. लग्न अमळनेरला, संसार सुरतला आणि भांडण झाल्यावर मुलगी माहेरी, असं वरचेवर दिसतं. पत्नी सध्या जिथे राहते तिथे ती घटस्फोटाचा दावा करू शकते. पोटगीचा आणि हिंसाचाराचा अर्जही तिथेच चालतो. त्यासाठी सुरतला जावं लागत नाही. पतीने आधीच सुरतला दावा लावला असेल तर तो महाराष्ट्रात आणण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात बदलीचा अर्ज करावा लागतो. दोन्ही कोर्टं महाराष्ट्रातच असतील, म्हणजे एक नाशिकला आणि दुसरं धुळ्याला, तर उच्च न्यायालयात. बदलीचा हुकूम हातात येईपर्यंत सुरतची तारीख चालूच असते. तिथे हजर व्हायला सुरतच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो.

अनुसूचित जमातीतले पक्षकार. नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा, कोकणा कुटुंबांनी वकिलाला हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २(२) नुसार केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे छापील नमुन्यातला कलम १३ चा घटस्फोटाचा दावा इथे अडकू शकतो. रूढीनुसार पंचांसमोर सोडचिठ्ठी झाली असेल तर वैवाहिक दर्जा जाहीर करून मागण्याचा दावा हा मार्ग असतो. त्यासाठी पंचांची नावं, बैठकीची तारीख, देजाच्या (वराकडून वधूच्या घरच्यांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या) व्यवहाराचा कागद असेल तर तो, हे सगळं लागतं. पोटगी आणि घरगुती हिंसाचाराचे कायदे मात्र सगळ्यांना सारखेच आहेत. त्यांच्यासाठी थांबू नका.

## ३. कागदांची पिशवी तयार करा

वकिलाची पहिली भेट वाया जाते ती इथे. माणूस तासभर हकीकत सांगतो आणि लग्नाची तारीख विचारली की अडखळतो. वकील कितीही चांगला असला तरी दाव्यात तो तुम्ही दिलेलंच मांडणार.

आधी एका पानावर तारीखवार हकीकत लिहा. लग्न, मुलांचे जन्म, पहिली मोठी मारहाण किंवा भांडण, माहेरी आल्याची तारीख, झालेल्या बैठका, दिलेल्या तक्रारी. दूषणं नकोत, घटना लिहा. "सासू त्रास द्यायची" यापेक्षा "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री घराबाहेर काढलं, शेजारच्या काकूंकडे झोपले" हे कोर्टाच्या कामाचं आहे.

मग कागद:

- लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तो
- आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, शाळेचं बोनाफाईड आणि फीच्या पावत्या
- दवाखान्याचे केसपेपर, पोलिसांतली अदखलपात्र नोंद किंवा एफआयआर
- स्त्रीधनाची यादी, सोनाराच्या पावत्यांसह
- दोघांच्या उत्पन्नाचा पुरावा

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडचे पोटगीचे अर्ज इथेच कमजोर पडतात. पती नोकरीत असेल तर पगाराची चिठ्ठी कोर्ट मागवू शकतं. शेती असली की उत्तर ठरलेलं असतं: "जमीन वडिलांच्या नावावर आहे, मी नुसता राबतो." रावेर-यावलच्या केळीवाल्या घरात हे बोलणं खोडायचं तर कागद लागतात. सातबारा आणि आठ-अ काढा. जमीन सासऱ्यांच्या नावावर असली तरी काढा. पीक पाहणीत केळी लागलीय का, किती क्षेत्रावर, ते त्यात दिसतं. कापणीनंतर व्यापाऱ्याने दिलेली पावती, बँकेत जमा झालेली रक्कम, फळपीक विम्याची भरपाई, सोसायटीचं पीककर्ज, ट्रॅक्टरचं आरसी पुस्तक, यातलं जे हाती लागेल ते जमवा. कापसाच्या घरात जिनिंगची किंवा बाजार समितीची काटापट्टी तेच काम करते. मूळ कागद मिळत नसेल तर बँकेचं नाव, शाखा, व्यापाऱ्याचं गाव एवढं तरी लिहून ठेवा. त्यावरून वकील कोर्टामार्फत कागद मागवून घेऊ शकतो.

स्वतःची कमाई लपवू नका. शिवणकाम, अंगणवाडीचं मानधन, बचत गटातले पैसे, सगळं सांगा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता, उत्पन्न आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. तिथे एक गोष्ट खोटी निघाली की खऱ्या दहा गोष्टींवरचा विश्वास उडतो.

व्हॉट्सॲपवरचे मेसेज किंवा रेकॉर्डिंग असेल तर मूळ फोन जपा. नुसत्या स्क्रीनशॉटच्या प्रिंटवर भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं.

सावध: मूळ कागद कुणालाही देऊ नका, वकिलालाही नाही. झेरॉक्सचे दोन संच करा. कोर्टात मूळ कागद दाखल करायची वेळ आलीच तर कोणता कागद कोणत्या तारखेला दिला ते लिहून, सही घेऊन द्या.

## ४. मोफत विधी सेवेचा अर्ज आधी करा

"सरकारी वकील म्हणजे कामचुकार" हे पारावरचं मत ऐकून लोक हा दरवाजा उघडतच नाहीत. पॅनेलवरचे, म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतले वकील त्याच कोर्टात रोज खासगी कामही करतात. त्यांच्यात चांगले-वाईट आहेत, जसे बाहेरही आहेत.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार मोफत वकील कुणाला मिळतो ते पाहा. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. शिक्षिका असो की शेतमजूर, तिला हक्क आहे. मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीत असलेले, यांनाही उत्पन्नाची अट नाही. बाकीच्या पुरुषांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपेक्षा कमी असेल तर ही सेवा मिळते. पुरुषांना मोफत वकील मिळतच नाही, हा समज चुकीचा आहे.

कुठे जायचं? जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. १५१०० ही मोफत हेल्पलाइन आहे, ऑनलाइन अर्जही होतो. तरी शक्य असेल तर स्वतः जा, कारण प्रश्न विचारता येतात. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यावरून जिल्ह्याला येणं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. त्यांनी आधी फोन करावा, काय-काय आणायचं ते विचारावं आणि तालुक्याच्या समितीतच अर्ज द्यावा.

अर्जासोबत ओळखपत्र, दाव्याचे कागद, तारखेची माहिती आणि लागू असेल तो जातीचा, उत्पन्नाचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला द्या. उत्पन्नाबद्दल शपथपत्रही पुरेसं मानता येतं. म्हणून तहसीलच्या दाखल्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका. निर्णय सात दिवसांत व्हावा असा नियम आहे. तारीख त्याआधीच असेल तर अर्जाच्या वरच मोठ्या अक्षरात लिहा: "पुढील तारीख अमुक, तातडीचे."

मोफत म्हणजे काय, तेही समजून घ्या. वकिलाची फी, कोर्ट फी, टंकलेखन, नकला, सगळं त्यात येतं. पॅनेल वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. ते स्वतः न्यायाधीश असतात. अर्ज नामंजूर झाला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे दाद मागता येते. दावा अर्ध्यावर आल्यावर पैसे संपले तरी ही सेवा मागता येते.

तपासा: अर्जाची पोच घेतली का? नेमणूक झाली असेल तर वकिलांचं नाव, मोबाइल आणि नेमणुकीच्या पत्राची प्रत तुमच्याकडे आहे का?

घरात जिवाला धोका असेल तर हा सगळा क्रम बाजूला ठेवा. आधी ११२ किंवा १८१ ला फोन करा. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये निवारा, दवाखाना, पोलीस आणि वकील यांची मदत एका ठिकाणी मिळते.

## ५. खासगी वकील करायचा असेल तर

नात्यातला किंवा गावचा म्हणून वकील करू नका, आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या ओळखीचा तर मुळीच नको. ज्या कोर्टात प्रकरण आहे तिथे एक सकाळ घालवा. बोर्डावर कोणत्या वकिलांची कौटुंबिक प्रकरणं रोज असतात, पुकारा झाल्यावर कोण स्वतः उभं राहतं आणि कोण ज्युनिअरला पाठवून नुसती पुढची तारीख घेतं, हे डोळ्यांना दिसतं. दोन-तीन वकिलांना भेटा. पहिल्याच केबिनमध्ये पैसे देऊन उठू नका.

आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "कितला पैसा लागतीन?" तो जरूर विचारा, पण त्याआधी हे विचारा: माझ्या हकीकतीवर नेमका कोणता अर्ज करणार? अंतरिम पोटगीचा, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या खर्चाचा अर्ज सोबतच टाकणार का? माझी कमकुवत बाजू कोणती? जो वकील कमकुवत बाजू सांगतो तो माझ्या मते जास्त भरवशाचा. "शंभर टक्के जिंकून देतो" म्हणणाऱ्याच्या केबिनमधून शांतपणे उठा.

मग फी. एकूण किती, हप्ते कसे, दर तारखेला वेगळे पैसे का, नोटरी-टंकलेखन त्यात धरलं का, वरच्या कोर्टातलं काम वेगळं का, हे कागदावर घ्या. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या, रोख दिले तर पावती घ्या. "पोटगी मिळाली की त्यातले इतके टक्के माझे" असा ठराव बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. स्त्री पक्षकाराकडून कोर्ट फीच्या नावाने रक्कम मागितली तर विचारा, कारण राज्य शासनाच्या १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार यांसारख्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. आणि हेही माहीत असू द्या: हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली, ज्याला स्वतःचं पुरेसं उत्पन्न नाही तो पक्ष दाव्याचा खर्च दुसऱ्या पक्षाकडून मागू शकतो.

सावध: संमतीच्या घटस्फोटात खर्च वाचवायला दोघांचा एकच वकील केला जातो. पोटगीची रक्कम, मुलांचा ताबा किंवा सोनं यापैकी एकाही गोष्टीवर मतभेद असेल तर आपला वकील वेगळा ठेवा.

## ६. सही करण्याआधी

वकीलपत्र कोरं असेल तर सही करू नका. कोर्टाचं नाव, पक्षकारांची नावं, दाव्याचा क्रमांक भरलेला असू द्या. त्यातला मजकूर वकिलाला पैसे स्वीकारायचा, तडजोड करायचा अधिकार देतो का, ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वकिलाच्या माणसाऐवजी आपल्या माणसाकडून वाचून घ्या. दाव्याचा किंवा कैफियतीचा मसुदाही सहीआधी वाचा. मुलांची नावं, तारखा, गावं यात चूक राहिली की उलटतपासणीत तीच समोर येते. मसुद्यात तुम्ही न सांगितलेली मारहाण किंवा न घडलेला हुंडा घुसडला असेल तर काढायला सांगा.

कोरे कागद आणि कोरे स्टॅम्पपेपर यांवर कधीच सही नको.

## ७. पहिल्या तारखेला

अकराच्या पुकाऱ्याला हजर राहायचं तर पहिल्या एसटीने निघा. वकील येणार म्हणून आपण न जाणं ही चूक कौटुंबिक प्रकरणात महागात पडते, कारण कोर्ट आधी पक्षकारांशीच बोलतं. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ च्या कलम १३ नुसार तिथे वकील देणं हा आपोआप मिळणारा हक्क नाही. वकिलाला परवानगीचा अर्ज द्यावा लागतो. तो दिला का, हे विचारा.

समेटाचा प्रयत्न करणं हे कोर्टावर कायद्यानेच सोपवलेलं काम आहे. समुपदेशकांकडे पाठवलं म्हणून घाबरू नका आणि चिडूही नका. शांतपणे बोला, पण तिथे लिहिलेल्या तडजोडीवर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका. लोकअदालतीचंही तसंच. तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही, म्हणून रक्कम, तारीख, मुलांना भेटण्याचे दिवस, सगळं स्पष्ट लिहून घ्या.

पोलिसांच्या महिला कक्षात चाललेलं समुपदेशन वेगळं. ते चालू आहे म्हणून कोर्टाची तारीख थांबत नाही.

## ८. नंतर लक्ष ठेवायचं ते

समन्सवरचा किंवा वकिलाने दिलेला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. दर तारखेच्या रात्री पाहा आणि वहीत लिहा. तीन-चार तारखा लागोपाठ आपल्याच बाजूने पुढे ढकलल्या गेल्या असतील तर वकिलांना कारण विचारा.

वकील बदलायचा असेल तर जुन्या वकिलांची नाहरकत घ्या. ते देत नसतील तर कोर्टाकडे अर्ज करा. फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केलं आहे. गंभीर गैरवर्तन असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. पॅनेल वकील बदलून हवा असेल तर सचिवांकडे कारणासह अर्ज द्या.

हुकूम झाल्यावर त्याच आठवड्यात प्रमाणित नकलेसाठी नक्कल विभागात अर्ज करा. पोटगीचा हुकूम असून पैसे येत नसतील तर वसुलीचा वेगळा अर्ज लागतो. त्याला उशीर करू नका, थकबाकी एक वर्ष होण्याआधी टाका. निकाल विरुद्ध गेला तर अपिलासाठी ३० दिवसच आहेत असं धरून चाला. कौटुंबिक न्यायालयाच्या अंतिम निकालावरचं अपील खान्देशासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जातं, आणि मोफत वकील मागायला तिथेही उच्च न्यायालय विधी सेवा उपसमिती आहे. जिल्ह्याच्या प्राधिकरणात आधी मंजूर झालेल्या अर्जाची प्रत सोबत न्या.